कारखान्यासाठी तेलबिया पिकविताना

पंचगंगेच्या, वारणेच्या अगर वेदगंगेच्या काठी ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावला, त्या कुटुंबाला आपल्या पिकाचे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न सहसा पडत नाही. लावणीनंतर साखर कारखान्याच्या गट कार्यालयात उसाची नोंद होते, तोडणीची पाळी येते, काट्यावरच्या वजनाची पावती हाती पडते, आणि दराविषयी कितीही तंटे झाले तरी माल कोठे जाणार याविषयी संदेह राहत नाही. त्याच कुटुंबाने खोडवा मोडून सोयाबीन, भुईमूग किंवा जवस पेरला, म्हणजे हे सारे आश्वासन एकाएकी नाहीसे होते. बाजार समितीच्या आवारात ढीग ओतला, की ज्या अडत्याची बोली वर, तो त्या दिवसापुरता त्या मालाचा मालक, आणि त्याने तो माल पुढे कोणत्या घाण्याला, कोणत्या कामासाठी पाठविला, याचा पत्ता पिकविणाऱ्याला कधीच लागत नाही. तेलबियांच्या पिकाची आपल्याकडे जी उपेक्षा झाली, तिचे मूळ जमिनीत किंवा हवामानात शोधण्यापूर्वी ते या तुटलेल्या संबंधात शोधावे, असे माझे मत आहे. कोल्हापूर जिल्ह्यात फौंड्र्या आहेत, इचलकरंजीचे माग आहेत, चामड्याचा जुना व्यवसाय आहे, रंग-वंगणांचा मोठा खप आहे. आणि या प्रत्येकाला वनस्पतिज तेलाची, अथवा त्या तेलापासून केलेल्या द्रव्यांची, कमीअधिक गरज आहे. ती ओळखून पेरणी कशी करावी, तेल कसे काढावे आणि करार कसा करावा, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

वनस्पतीचे तेल कारखानदारीस उपयोगी पडते, ही गोष्ट नवी नाही. खनिज तेल या देशात सर्रास मिळू लागले त्यापूर्वी दिवा करडईच्या किंवा करंजाच्या तेलावर जळे, गाडीच्या कण्याला तेलच लागे, आणि दख्खनच्या विहिरीवरची चामड्याची मोट व तिचा नाडा पाण्याने कुजू नये म्हणून करडईचे तेल तापवून, घट्ट करून त्याला चोळीत असत. पुढे पेट्रोलियमची स्वस्ताई आली आणि हे ज्ञान मागे पडले. ज्या द्रव्याला भूगर्भात तयार होण्यास कोट्यवधी वर्षे लागली, त्याच्या जागी चार महिन्यांत शेतात तयार होणारे द्रव्य वापरता येत असेल, तर ते वापरावे, हा विचार आता जगभर पुन्हा मूळ धरीत आहे. तथापि वाचकांनी त्याकडे केवळ पर्यावरणाच्या कळकळीने न पाहता व्यापाऱ्याच्या दृष्टीनेही पाहावे, कारण विकले न जाणारे पीक कितीही पुण्यकारक असले तरी दुसऱ्या वर्षी कोणी पेरीत नाही.

पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवावी, की तेल म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. निरनिराळ्या बियांतील मेदाम्ले निरनिराळी असतात, आणि कारखान्याला हवे असते ते विशिष्ट आम्ल. एखादे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होईल की वर्षानुवर्षे पातळ राहील, याचा अंदाज ज्या परीक्षेने येतो तिला आयोडिन अंक म्हणतात. जवसाच्या तेलाचा हा अंक साधारण 170 ते 200, करडईचा 140 ते 150, सोयाबीनचा 120 ते 140, आणि एरंडेलाचा 82 ते 90 च्या दरम्यान असतो. जवसाचे तेल काचेवर पसरले तर त्याचा पापुद्रा धरतो, एरंडेलाचा धरत नाही. म्हणून एक रंगाच्या कामाचे आणि दुसरे वंगणाच्या. पेरणीपूर्वी शेतकऱ्याने एकरी किती क्विंटल येईल हे जसे विचारावे, तसेच या बीचे तेल कोणत्या कामाचे, हेही विचारावे. कारण दराचे रहस्य दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते.

जवसाचा विचार कोल्हापूरकरांनी सर्वांआधी करावा, असे मला वाटते, आणि त्याचे कारण शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे आहे. ओतीव लोखंडाच्या वस्तूत जेथे पोकळी ठेवावयाची असते, तेथे साच्याच्या आत वाळूचा एक घडीव तुकडा बसवितात; फौंड्रीतील कामगार त्याला कोअर म्हणतात. नुसती वाळू आकार धरीत नाही. म्हणून कोरड्या, स्वच्छ वाळूत अल्प प्रमाणात जवसाचे तेल, थोडे पिठूळ द्रव्य आणि किंचित पाणी मिसळून, तो घाणा पेटीत ठासून, बाहेर काढलेला कच्चा कोअर भट्टीत दोनशे ते अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजावयाचा, ही या धंद्यातील जुनी आणि खात्रीची रीत. भाजताना तेल हवेतील प्राणवायू घेऊन कणाकणांमध्ये कठीण बंध निर्माण करते. अनुभवी कारागीर कोअरच्या रंगावरून भाजणी ओळखतो: फिकट पिवळा असेल तर आत कच्चा, एकसारखा तपकिरी असेल तर पक्का, आणि काळवंडला असेल तर तेल जळून गेल्यामुळे बोटाने चुरा होणारा. या तेलाचा दुसरा गुण पहिल्यापेक्षाही मोलाचा आहे. तप्त धातू ओतल्यावर काही वेळातच ते जळून जाते, बंध सुटतात, आणि ओतकाम थंड झाल्यावर आतील वाळू सहज झाडून काढता येते. सिलिकेट व कर्बवायूची पद्धत, राळेचे शेल कोअर आणि इतर नव्या रीती आल्यामुळे शुद्ध जवस तेलाचे कोअर पूर्वीइतके राहिले नाहीत, हे खरे. परंतु भट्टीवाचून घट्ट होणाऱ्या काही बंधकांत जवसासारख्या तेलांपासून केलेली अल्किड राळ अद्याप वापरली जाते, आणि तीच राळ घरादाराला लावण्याच्या तैलरंगांतही असते. या तेलाचे सामर्थ्य जुने आहे. इंग्लंडातील फ्रेडरिक वॉल्टनने 1863 मध्ये ज्याचा हक्क नोंदविला, ते लिनोलियम नावाचे जमिनीवर अंथरण्याचे जाड आच्छादनही घट्ट केलेल्या जवस तेलाचेच होते.

जवस हे रब्बीचे पीक आहे. ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, वाफसा साधून, ओळींत सुमारे एक फुटाचे अंतर ठेवून पेरावे. हेक्टरी पंचवीस किलोच्या आसपास बियाणे लागते आणि चार महिन्यांच्या आत पीक निघते. नागपूरच्या संशोधनातून आलेले एन. एल. 97 व एन. एल. 260, आणि लातूरचे एल. एस. एल. 93 हे वाण महाराष्ट्रात परिचित आहेत. आपल्या जमिनीला कोणता मानवेल, याचा सल्ला शेंडा पार्कातील विभागीय कृषी संशोधन केंद्रात जाऊन घ्यावा. बियांत साधारण 37 ते 42 टक्के तेल असते. एक्स्पेलरवर क्विंटलामागे तेहतीस ते छत्तीस किलो तेल हाती येईल असा हिशेब धरावा, आणि उरलेली पेंड दुभत्या म्हशीला उत्तम, हा जमेचा भाग विसरू नये. मात्र ती कोमट पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवू नये, कारण तशा स्थितीत तिच्यात विषारी द्रव्य सुटण्याचा संभव असतो. कापणी बोंडे तपकिरी झाल्यावर करावी. ओलसर बी पोत्यात भरले, तर ते तापते, तेलातील मुक्त आम्ल वाढते, आणि मग तेच तेल रंगवाला उचलत नाही. म्हणून आठ टक्क्यांहून अधिक ओलावा राहू देऊ नये.

येथेच एक धोक्याची सूचना देणे मी आपले कर्तव्य समजतो. जवस तेलाने भिजलेले चिंध्यांचे बोळे कोपऱ्यात एकावर एक टाकले, तर प्राणवायूशी होणाऱ्या संयोगाने ते आतून तापत जातात आणि ठिणगी नसतानाही पेट घेतात. घाण्यावर, रंगकामावर किंवा कोअरच्या शेडमध्ये असे बोळे वापरून झाले, की ते पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत, आणि ही शिस्त नव्या गड्यालाही पहिल्याच दिवशी सांगावी.

एरंडाची गोष्ट निराळी आहे. एरंडेलात सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद टक्के रिसिनोलिक आम्ल असते, आणि त्या आम्लाच्या कर्बसाखळीवर बाराव्या स्थानी एक हायड्रॉक्सिल गट असतो, जो इतर सामान्य तेलांत नसतो. या एका गटामुळे एरंडेलाला उद्योगात अशी जागा मिळाली आहे, की तेथे दुसरे कोणतेही तेल सहज बसत नाही. त्यात हायड्रोजन घालून जे मेणासारखे घट्ट द्रव्य मिळते, त्याच्या आम्लाचा लिथियमशी साबण केला की यंत्रांच्या बेअरिंगमध्ये भरावयाचे ग्रीस तयार होते. दाहक क्षाराबरोबर तीव्र उष्णतेत त्याचे विघटन केले की सेबॅसिक आम्ल मिळते. त्यातील पाणी काढून टाकले की रंगाच्या उपयोगाचे सुकणारे तेल होते. आणि नायलॉन 11 हे प्लॅस्टिक तर एरंडेलापासूनच निर्माण करतात. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती इंजिने याच तेलाच्या वंगणावर चालत.

इचलकरंजीशी एरंडेलाचा संबंध याहून जवळचा आहे. 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढे ते गाव मागांचे नगर झाले. कापडाच्या रंगाईत रंग धाग्यात सर्वत्र सारखा उतरावा म्हणून जे टर्की रेड तेल वापरण्याची रीत आहे, ते एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून बनते: आम्ल अगदी बारीक धारेने, सतत ढवळीत, तपमान वर चढू न देता घालावयाचे, नंतर मिठाच्या पाण्याने धुऊन जादा आम्ल काढावयाचे आणि क्षाराने उदासीन करावयाचे. हा उद्योग लहान भांडवलावर होण्याजोगा असला, तरी गंधकाम्लाशी खेळ नको. रसायनशास्त्राचा पदवीधर, आम्लरोधक भांडी आणि सांडपाण्याची व्यवस्था या तिन्हींची तरतूद झाल्याशिवाय कोणी त्यात पडू नये. घरगुती पातळीवर एरंडेलाचा एक उपयोग कोल्हापुरी माणसाला ठाऊकच आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची नवी चप्पल करकरते आणि चावते, तेव्हा तिला तेल पाजून दोन दिवस ठेवतात, आणि मग ती पायाला लागत नाही.

तरीही एरंडाने शेतच्या शेत व्यापावे, असे मी सुचविणार नाही. गुजरातेने 1968 मध्ये जी. सी. एच. 3 हा एरंडाचा व्यापारी संकरित वाण काढला आणि आज ओलिताखाली तेथे हेक्टरी दोन टनांच्या घरात उत्पन्न निघते. ती बरोबरी आपण पहिल्या वर्षी करू, असा हिशेब मांडणे घातक ठरेल. आपल्याकडे एरंडाची खरी जागा बांधावर आहे. कागल व निपाणीच्या तंबाखूत, तसेच सोयाबीनमध्ये व भुईमुगात, पाने खाणारी जी अळी येते, तिची मादी एरंडाच्या रुंद पानाकडे विशेष ओढली जाते. पानाच्या खालच्या बाजूला केसाळ आवरणाखाली ती अंड्यांचा पुंजका घालते, आणि अंडी फुटल्यावर इवल्या अळ्या घोळक्याने एकाच पानावर राहून त्याची चाळण करतात. ते जाळीदार पान दुरूनही दिसते. तेव्हाच ते तोडून नष्ट केले, तर मुख्य पीक वाचते आणि फवारणीचा खर्चही. अट एकच, आठवड्यातून दोनदा बांधावरून चक्कर मारलीच पाहिजे. अन्यथा सापळ्याचे झाड हेच किडीचे माहेर होते. अशा रीतीने बांधावरची एरंडी पिकाचे रक्षण करते आणि वर बी देते, आणि मुख्य जमीन एक वीतही अडवीत नाही.

जागा निवडताना पावसाचे मान पाहावे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळला जेमतेम पाच-सहाशे. एकाच जिल्ह्यातील हा फरक ध्यानी न घेता सर्वांना एकच पीक सांगणे ही दिशाभूल होईल. सततच्या ओलीत एरंडाच्या घडावर करडी बुरशी चढते आणि बोंडे सडतात. म्हणून पश्चिमेकडील डोंगरी तालुक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, त्यांना कारळे अधिक मानवते. पूर्वेकडील हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत मात्र एरंड निभावून जातो. घड एकाच वेळी पिकत नाहीत. जो घड पिवळसर होऊन सुकू लागला तोच कापावा, कारण उशीर झाला की बोंडे तडकून बी मातीत जाते. एरंडाची पेंड खत म्हणून उत्तम असली, तरी तिच्यात रिसिन हे प्राणघातक विष असते. ती जनावरांच्या गव्हाणीपासून दूर, वेगळ्या खोलीत, खूण केलेल्या पोत्यांत ठेवावी, आणि बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

करडईविषयी थोडक्यात सांगतो. तिच्या तेलाचा रंग पुढे पिवळा पडत नाही, म्हणून पांढऱ्या तैलरंगासाठी त्याची राळ नावाजलेली आहे. कापणीच्या वेळी काटे टोचतात म्हणून ज्यांनी हे पीक सोडले, त्यांनी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काढलेले नारी 6 व नारी एन. एच. 1 हे बिनकाट्याचे वाण पाहावेत. पाहिजे तर कडेच्या चार ओळी काटेरी वाणाच्या ठेवाव्यात, मोकाट जनावर आत शिरत नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक माल परदेशांतून आणतो. अशा स्थितीत भुईमुगाचे आणि सोयाबीनचे तेल कारखान्याच्या पिंपात ओतावे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: खाण्याजोगे तेल आधी खाण्याला. कारखान्यासाठी अखाद्य तेल द्यावे, म्हणजे एरंड, करंज, कडुनिंबाची निंबोळी. किंवा जवसासारखे, ज्याचा औद्योगिक उपयोग त्याच्या गुणामुळे अटळ आहे. किंवा खाद्यतेल शुद्ध करताना जो साबणगाळ निघतो तो. करंजाची झाडे ओढ्याकाठी आपोआप वाढतात आणि त्यांच्या बियांचे तेल साबणाला व चामड्याला चालते. निंबोळीला तर सरकारने 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबतेलाचा लेप सक्तीचा केल्यामुळे कायमचे गिऱ्हाईक मिळाले आहे. सोयाबीन पेरणाऱ्याने कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे फुले संगम किंवा फुले किमया यांसारखे वाण जरूर लावावेत, परंतु ते तेल आणि पेंड यांच्या नेहमीच्या बाजारासाठी.

तेल जाळून इंजिन चालविण्याच्या मोहापासूनही दूर राहावे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डीझेल पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले गेले, ही घटना खरी आहे, आणि ज्या कोल्हापुराने ऑईल इंजिने बनवून आपल्या विहिरींवर बसविली त्याला तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इंधन म्हणून तेलाला किमतीत खनिज डीझेलशी झुंजावे लागते, आणि राळ, ग्रीस किंवा रंगाईचे द्रव्य म्हणून त्याच्या अंगच्या गुणाला मोल मिळते. इंधनासाठी लावलेल्या मोगली एरंडाचा अनुभव विसरू नये. 2003 च्या सुमारास नियोजन मंडळाच्या समितीने त्याची शिफारस केली, पडीक जमिनीत, पाण्यावाचून, खतावाचून सोने पिकेल अशी हवा निर्माण झाली, आणि महाराष्ट्रात अनेकांनी रोपे विकत घेऊन लावली. पाणी व खत नसलेल्या जमिनीत त्या झाडाने अपेक्षेच्या मानाने फारच थोडे बी दिले, आणि जे आले त्याला जवळपास गिऱ्हाईक नव्हते. ज्या पिकाचे रोप विकणारा दारी येतो आणि बी विकत घेणारा मात्र कोठे दिसत नाही, ते पीक लावू नये.

म्हणून क्रम उलटा धरावा. प्रथम गिऱ्हाईक, मग घाणा, मग पेरणी. पाच-पंचवीस शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, शक्य तर शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने, आपल्या टापूतील रंगाचे, राळेचे, कोअर-तेलाचे अगर सायझिंगच्या द्रव्यांचे उत्पादक गाठावेत, आणि त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: वर्षाला किती माल, कोणत्या प्रतीचा, आणि आज कोठून येतो. प्रतीसाठी जवस तेलाला भारतीय मानक 75 आणि एरंडेलाला 435 आहे. त्यांतील आम्लांक, आयोडिन अंक, रंग व ओलावा यांच्या मर्यादा करारात लिहून घ्याव्यात, म्हणजे माल पोचल्यावर तोंडी कुरबुरीला जागा राहत नाही. तेलाच्या प्रत्येक खेपेचा नमुना दोन बाटल्यांत काढून, लाखेने बंद करून, एक आपल्याजवळ ठेवावा. घरच्या घरी करावयाच्या दोन परीक्षा ठाऊक असाव्यात. एरंडेल समभाग मद्यार्कात स्वच्छ विरघळते. गढूळ झाले तर त्यात दुसरे तेल आहे, असे समजावे. जवसाचे तेल काचेच्या तुकड्यावर बोटाने अगदी पातळ पसरून हवेशीर जागी ठेवावे. ते दोन-चार दिवसांत सुकले नाही आणि चिकटच राहिले, तर बी भेसळीचे किंवा तेल खनिज तेलाने पातळ केलेले असण्याचा दाट संशय घ्यावा. ताजे तेल लगेच विकू नये. काही दिवस टाकीत स्थिर ठेवून तळाचा बुळबुळीत गाळ वेगळा करावा, कारण तोच पुढे तापविताना फेसाळतो आणि गिऱ्हाईक तुटते.

करारात दराचा आकडा लिहिण्यापेक्षा दर ठरविण्याची रीत लिहावी, म्हणजे बाजार समितीतील त्या सप्ताहाच्या सरासरीवर अमुक टक्के जादा, अशी. आकडा पडला की एक बाजू करार मोडते, रीत मात्र दोघांना बांधते. पैसे किती दिवसांत, माल परत आल्यास वाहतूक कोणाची, हेही मुदतीसह नमूद असावे. कापणीनंतर दर पडलेला असेल आणि घरात पैशाची निकड असेल, तर सोयाबीन, करडई यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेतून किमतीच्या पाऊणपट कर्ज मिळण्याची सोय आहे. सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी तेथे चौकशी करावी.

सहकाराने उसाला जे दिले, ते तेलबियांना देणे कोल्हापूरला अशक्य नाही. रत्नाप्पा कुंभार आणि तात्यासाहेब कोरे यांनी माळावर साखर कारखाने उभे केले, तेव्हाही गिऱ्हाईक, यंत्र आणि शेतकरी यांना एका नोंदवहीत आणण्याचाच प्रश्न होता. मात्र आरंभ मोठ्या इमारतीने करू नये. यंदाच्या रब्बीत ज्यांच्याकडे सोयाबीन निघाल्यावर वाफशाची जमीन मोकळी होते, त्यांनी प्रत्येकी दहा गुंठे जवस पेरावा, बांधावर एरंडीची एक ओळ टाकण्यासाठी पुढच्या जूनचे बियाणे राखावे, मार्चमध्ये निघालेले बी गावातल्याच घाण्यावर गाळावे, आणि पाच लिटर तेलाचा नमुना, आम्लांकाच्या दाखल्यासह, शिरोलीच्या किंवा उद्यमनगरच्या एखाद्या फौंड्रीमालकाच्या टेबलावर नेऊन ठेवावा. बियाण्याची तजवीज ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी झाली पाहिजे. त्या कामाला आजच लागावे, ही वाचकांना विनंती.